३०० जीएसएमचं कार्ड, सेलोटेप आणि बिचारा लेझर प्रिंटर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ‘कुठल्याही लेझर प्रिंटरवर ३०० जीएसएमपर्यंतचं कार्ड छापता येतं, कंपन्या हे तुमच्यापासून लपवतात’ असं त्याचं शीर्षक (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप, त्याबद्दल पुढे). खाली युक्त्यांची रांग. मॅन्युअलमधली मर्यादा ही निव्वळ धंद्याची चलाखी आहे. सेटिंग ‘प्लेन’वरच (साध्या कागदावरच) ठेवा, टोनर (छापायची भुकटी) वाचतो. चमक हवी असेल तर इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर घाला. कार्डाचे छोटे तुकडे असतील तर ए४ कागदावर सेलोटेपने चिकटवून सोडा. कार्ड अडलं तर हाताने ढकला, नाहीतर पलीकडून ओढा. छापण्याआधी इस्त्री फिरवा. आणि एवढं करूनही टोनर सुटलाच तर हेअर ड्रायर मारा. शेवटी अर्थातच ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

ते माझ्या ताईपर्यंत पोहोचलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांसाठी अक्षरकार्डं करायची होती, घरात ग्लॉसी फोटो पेपरचं अर्धं पाकीट पडून होतं आणि शाळेच्या ऑफिसात लेझर प्रिंटर. ‘अरे, हे खरं आहे ना? उद्या शाळेत करूनच टाकते,’ असा तिचा मेसेज. नशीब, आधी विचारलं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण हाच फॉरवर्ड नंतर इतरांकडूनही आला आणि प्रत्येकाशी वेगळं डोकं लावायची माझी तयारी नाही.

सुरुवात ‘मर्यादा म्हणजे कंपनीची चलाखी’ या मुद्द्यापासून करू.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए४ आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचा रोजचा कागद ५ ग्रॅमचा आणि ३०० जीएसएमचं कार्ड पावणेएकोणीस ग्रॅमचं. पण प्रिंटरला खरा त्रास वजनाचा होत नाही, ताठपणाचा होतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दुपटीवर थांबत नाही, तो साधारण आठपट होतो. आता प्रिंटरचा खालचा ट्रे बघा. तिथून निघालेला कागद एका रोलरला वळसा घालून उलट दिशेने आत जातो आणि बहुतेक मशीनमध्ये बाहेर पडतानाही असाच वळून वरच्या खोबणीत येतो. साधा कागद हे वळण सहज घेतो. ताठ कार्ड घेत नाही. एकतर ते उचलणारा रबरी रोलर जागच्या जागी घसरत राहतो, नाहीतर कार्ड वळणावर नाक खुपसून बसतं.

म्हणूनच मर्यादेचा आकडा मशीनपेक्षा वाटेवर जास्त अवलंबून असतो. उदाहरणार्थ ब्रदरचा एचएल-एल२३५०डीडब्ल्यू हा घरगुती प्रिंटर घ्या. त्याच्या ट्रेला मर्यादा १६३ जीएसएमची, पुढच्या मॅन्युअल फीडच्या (हाताने एकेक कागद घालायच्या) फटीला २३० ची आणि आपोआप दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर फक्त १०५ ची. एकच मशीन, तीन आकडे. कंपनीला लोकांना फसवायचंच असतं तर तिने एक आकडा ठोकून दिला असता, असे तीन हिशेब कशाला मांडले असते? एचपीच्या अनेक लेझरजेटच्या ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) तर ‘कार्डस्टॉक १७६–२२० ग्रॅम’ असा पर्यायच दिलेला असतो. लपवाछपवी करणारी कंपनी तो मेनूमध्ये ठेवते होय?

आता इथे अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो, जरा नाखुशीनेच. ३०० जीएसएम घेणारी लेझर मशीन अस्तित्वात आहेत. ऑफिसातल्या मोठ्या कलर मशीनपैकी काहींच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो आणि डिजिटल प्रेसवाल्यांकडची मशीन त्याच्याही पुढे जातात. पण त्यांची कागदाची वाट, फ्यूजर (टोनर तापवून पक्का करणारा भाग), मोटर सगळंच वेगळं. त्यावरून ‘कुठल्याही लेझर प्रिंटरवर’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे ट्रक दोन टन ओढतो म्हणून स्कूटरवरही दोन टन लादा म्हणण्यासारखं आहे.

गोंधळाचं आणखी एक कारण परदेशी व्हिडिओ. अमेरिकेत कागद पौंडात मोजतात आणि तो पौंड कागदाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. ‘११० पौंड इंडेक्स’ म्हणजे साधारण १९९ जीएसएम आणि ‘११० पौंड कव्हर’ म्हणजे साधारण २९८. कुणीतरी पहिलं कार्ड छापून दाखवतं, बघणारा दुसऱ्याचा आकडा लिहून घेतो. झाली युक्ती तयार.

‘पण माझ्याकडे चाललं’ म्हणणारेही भेटतात. चाललं असेल. कागदातले तंतू बरेचसे एकाच दिशेने पडलेले असतात, त्यामुळे कार्ड एका बाजूने सहज वाकतं आणि दुसऱ्या बाजूने अडून बसतं. हातात घेऊन आडवं-उभं वाकवून बघा, लगेच कळतं. तेच जीएसएम, तीच जाडी, पण मोठ्या तावातून आडवं कापलेलं की उभं, एवढ्यावर एक पाकीट निघून जातं आणि दुसरं अडकतं. एका पाकिटाच्या जोरावर जगाला सल्ले देऊ नयेत, इतकंच म्हणणं आहे.

पुढचा मुद्दा, ‘सेटिंग प्लेनवर ठेवा, टोनर वाचतो’. यात टोनर वाचण्याचा काडीचाही संबंध नाही. किती टोनर लागेल ते पानावर किती काळं आहे यावर ठरतं. कागदाचा प्रकार निवडला की प्रिंटर दुसरंच काहीतरी बदलतो. ड्रमवरचा, म्हणजे प्रतिमा आधी ज्या नळकांड्यावर उमटते त्यावरचा, टोनर कागदावर ओढायला मागून विजेचा भार दिला जातो, जाड कागदाला तो जास्त लागतो. त्यानंतर कागद फ्यूजरमधून जातो. एका बाजूला तापलेला रोलर किंवा पातळ फिल्म, दुसऱ्या बाजूला दाब देणारा रबरी रोलर. टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लॅस्टिकची अतिशय बारीक रंगीत भुकटी. ती इथे वितळून कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. जाड कार्ड बरीचशी उष्णता स्वतःच पिऊन टाकतं, म्हणून ‘हेवी’ किंवा ‘थिक’ निवडल्यावर प्रिंटर तापमान वाढवतो किंवा वेग कमी करतो, काही मॉडेल्समध्ये अगदी निम्म्यावर. कान देऊन ऐका, सेटिंग बदललं की मशीनचा आवाज बदलतो, कागद रेंगाळत बाहेर येतो. ती रेंगाळ कामाची असते. प्लेनवर छापलेलं कार्ड दिसायला झकास दिसतं. दोन मिनिटांनी त्यावरून अंगठा घासा, अक्षर बोटाला येतं. आणि न चिकटलेला टोनर फक्त बोटालाच येतो असंही नाही. तो फ्यूजरलाही लागतो आणि पुढच्या पानांवर फिकट सावल्या उमटवतो. वाचवलेला टोनर तो हाच.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वरचं सगळं चुकलं तर काय होईल? कार्ड अडकेल, अक्षर पुसलं जाईल, चार शिव्या देऊन आपण पुढे जाऊ. पण ग्लॉसी फोटो पेपर आणि सेलोटेप या दोन सल्ल्यांनी प्रिंटरच निकालात निघू शकतो, आणि ज्याने हे लिहिलं त्याने लेझर प्रिंटरच्या आत काय असतं ते कधी डोकावून पाहिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. जाडीवर एवढा काथ्याकूट करणारा हा फॉरवर्ड कागदावर काय फासलेलं आहे याबद्दल चकार शब्द काढत नाही. धोका तर तिथेच आहे.

फ्यूजरचं तापमान साधारण १८० ते २०० अंशांच्या घरात असतं. इंकजेटचा चमकदार फोटो पेपर बघा. बहुतेक वेळा कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा थर असतो आणि वर शाई शोषून घेणारा लेप. साधं पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळायला लागतं. आता करा हिशेब. तो कागद तापलेल्या फिल्मला दाबून नेला की थर मऊ पडतो, फिल्मला चिकटतो आणि कागद बाहेर यायच्या ऐवजी तिच्याभोवतीच गुंडाळला जातो. मग आत अर्धवट वितळलेलं प्लॅस्टिक, बाहेर लाल दिवा आणि समोर डोक्याला हात लावून बसलेले आपण.

फोनवर ताईला मी एचपीच्या लेझरजेटचं मॅन्युअल वाचून दाखवलं, कारण ‘तू सांगतोस म्हणून’ यापेक्षा छापील वाक्याला वजन जास्त. आधी छापलेल्या लेटरहेडची शाई फ्यूजरच्या तापमानाला ०.१ सेकंद टिकली पाहिजे, वितळता, उडता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. मॉडेलप्रमाणे हे तापमान २०० किंवा २१० अंश दिलेलं असतं. लेबलच्या कागदाचा गोंदही त्या तापमानाला टिकणारा हवा, असंही आहे. आणि इंकजेटसाठीचा फोटो पेपर वापरू नका, हेही आहेच. फॉरवर्डमधल्या दोन सर्वांत वाईट सल्ल्यांचा निकाल या एका मॅन्युअलमध्ये लागतो. हे सगळं गुपित ठेवलेलं आहे म्हणे! प्रिंटरबरोबर येतं ते. आपण खोक्याबरोबर फेकून देतो, एवढंच.

गोंदाच्या त्या वाक्याने सेलोटेपचा विषयही संपायला हवा, पण संपत नाही. ‘लेबल छापतात की लेझरवर, त्यालाही गोंद असतो’ असा प्रश्न ताईनेच केला. प्रश्न रास्त आहे. लेझरसाठीच्या लेबलचा गोंद उष्णता सोसेल असाच निवडलेला असतो आणि तो पूर्ण पानभर लेबलखाली झाकलेला राहतो. म्हणून तर मधली दोन लेबलं काढलेलं पान पुन्हा घालू नये, तिथला उघडा गोंद आत लागतो. सेलोटेप ही घरगुती पट्टी. तापली की तिचा गोंद कडेने पाझरतो आणि रोलरवर जाऊन बसतो.

शिवाय चिकटवलेल्या तुकड्याची कड वर आलेली असते. फ्यूजरपर्यंत पोहोचण्याआधी ती ड्रमला घासून जाते. ड्रमवरचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर फार नाजूक असतो. त्यावर ओरखडा गेला की तो पुसता येत नाही. त्यानंतर छापलेल्या प्रत्येक पानावर तुमची ही युक्ती एका रेघेच्या किंवा ठिपक्याच्या रूपाने हजेरी लावते.

हे नुकसान ओळखायचं कसं, तेही सांगून ठेवतो. पानावर एकच डाग वरून खाली पुन्हा पुन्हा दिसतोय का बघा. दिसत असेल तर पट्टी घेऊन दोन डागांमधलं अंतर मोजा. प्रत्येक रोलर आणि ड्रम आपल्या घेराएवढ्या अंतरावर तोच डाग परत उमटवतो, त्यामुळे अंतर कळलं की दोषी कोण ते कळतं. दुरुस्तीवाले हेच करतात, त्यांच्याकडे प्रत्येक मॉडेलच्या अंतरांचा तक्ता असतो. ड्रम बदलणं त्यातल्या त्यात सोपं, बऱ्याच घरगुती प्रिंटरमध्ये तो टोनरच्या कार्ट्रिजबरोबर किंवा वेगळ्या युनिटमध्ये सुटा येतो. फ्यूजरचं तसं नाही. छोट्या मशीनमध्ये तो अख्खाच बदलावा लागतो आणि मग दुरुस्ती करायची की नवा प्रिंटर घ्यायचा, हा प्रश्न उरतो. शाळेच्या ऑफिसातल्या प्रिंटरबाबत तो प्रश्न मुख्याध्यापकांसमोर कोण मांडणार, असं विचारल्यावर ताई जरा गप्प झाली.

पाकीट हरवलंय आणि हातातला चमकदार कागद कशाचा आहे ते कळत नाही, असं असेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला टेकवा. बोट चिकटल्यासारखं वाटलं तर इंकजेटचा लेप समजा. कोपरा फाडूनही बघा, फाटताना कागदाबरोबर पातळ पापुद्रा ताणला गेला तर आत प्लॅस्टिक आहे. दोन्हींतलं काहीही दिसलं तर तो कागद लेझरच्या आसपासही नेऊ नका. काहीच दिसलं नाही तरी, पाकिटावर ‘लेझर’ असं लिहिलेलं असल्याशिवाय चकचकीत काहीही आत घालायचं नाही, हा माझा नियम. लेझरसाठीचे ग्लॉसी कागद वेगळे मिळतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. सोनेरी वर्ख, चमकी, उठावदार नक्षी असली कार्डं मात्र आत न घालायच्या यादीतच.

‘अडलं तर हाताने ढकला, ओढा.’ नका. रोलरचा वेग ठरलेला असतो, सेन्सर कागदाची वेळ मोजत असतात. ढकललंत तर कार्ड तिरकं जातं, ओढलंत तर छापील मजकूर लांबतो किंवा आतलं दातेरी चाक बोलतं. अडकलेलं कार्ड काढायचं तर प्रिंटर बंद करा, निवू द्या, झाकण उघडा आणि दोन्ही हातांनी शक्यतो कागद जात होता त्याच दिशेने सावकाश ओढा. फ्यूजरजवळ गरम पृष्ठभागाची खूण असते, ती शोभेची नाही.

‘छापण्याआधी इस्त्री फिरवा.’ दमट कार्ड वाकतं आणि त्यावर टोनर नीट धरत नाही, हे खरं. पण उपाय इस्त्री नाही. जरुरीपेक्षा जास्त वाळवलेल्या कागदात स्थिर वीज साठते, कार्डं एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात. पाकीट लागेल तेव्हाच उघडायचं आणि उरलेलं बंद करून सपाट ठेवायचं. झालं.

हेअर ड्रायरबद्दल थोडं नरमाईने बोलावं लागेल. उष्णतेने टोनर पक्का होतो हे बरोबरच आहे. १९३८ साली अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसनने लेझर प्रिंटरच्या मुळाशी असलेल्या या तंत्राची पहिली प्रत काढली, तेव्हाही भुकटी मेणकागदावर घेऊन तो तापवूनच प्रत पक्की केली होती. पण उष्णतेबरोबर दाबही लागतो आणि ड्रायर दाब देत नाही, वारा देतो. सुटा टोनर त्या वाऱ्याने आधी टेबलावर आणि मग तुमच्या बाहीवर जातो. बाहीवर गेलाच तर झटका आणि थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कापडातही पक्का बसतो. तेच कार्ड कोरं पान छापायला देऊन पुन्हा एकदा फ्यूजरमधून काढणं, ही जुनी युक्ती काही वेळा चालते, हेही कबूल. पण सेटिंग पहिल्यांदाच बरोबर ठेवलं तर त्याची गरज पडत नाही, आणि सुटा टोनर असलेलं कार्ड पुन्हा आत सोडणं म्हणजे आतल्या भागांना तो फासणंच आहे.

बरं, मग जाड कार्ड छापायचंच नाही का? छापायचं की. फॉरवर्डमध्ये जी एकच गोष्ट खरोखर उपयोगी ठरली असती ती नेमकी गाळलेली आहे, ती म्हणजे सरळ वाट. बऱ्याच प्रिंटरमध्ये पुढे मॅन्युअल फीडची फट असते आणि मागे एक झाकण. ते झाकण उघडं ठेवलं की कार्ड वर वळण्याऐवजी मागून सरळ बाहेर पडतं. एका वेळी एकच कार्ड, कडा सपाट, फटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कार्डाला टेकवलेल्या. ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागदाचा प्रकार ‘थिक’, ‘हेवी’ किंवा ‘कार्डस्टॉक’. दोन्ही बाजूंनी छापायचं तर हाताने उलटून, आणि पहिली बाजू निवल्यावर. पहिल्या कार्डावर अंगठा घासून बघा, टिकलं तर पुढची सोडा.

घडीचं कार्ड असेल तर आणखी एक. टोनर कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे गडद रंगाच्या पट्ट्यावर घडी आली की तो तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. घडी घालण्याआधी बोथट टोकाने खाच पाडली तर तडा कमी होतो, पण जात नाही. डिझाइनच असं करा की घडीच्या जागी गडद भाग येणार नाही.

ताईच्या शाळेतला प्रिंटर फक्त ट्रेचा निघाला, मॅन्युअल फीडच नाही. मर्यादा १६३. म्हणजे जाड कार्डाचा प्रश्नच मिटला. तिने अक्षरं १०० जीएसएमच्या साध्या कागदावर छापली आणि कापून जाड कार्डावर गोंदाने चिकटवली. मुलांच्या हातात ती छापील कार्डापेक्षा जास्त टिकतील, कारण मधल्या कार्डाला कुठल्याही रोलरमधून जायचं नसल्याने ते तिने हवं तेवढं जाड घेतलं. ग्लॉसी पाकीट घरी इंकजेट असलेल्या एका मैत्रिणीला दिलं. आणि तो फॉरवर्ड जिथून आला होता त्या ग्रुपवर तिने हे सगळं टाकलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्याकडे तर मस्त चालतंय.’ कुठल्या प्रिंटरवर, कुठल्या फटीतून, किती जीएसएम, हे विचारल्यावर अजून उत्तर नाही.